सहा संगणक, एक डोंगल आणि लायसन्सची नोटीस: एका डीटीपी केंद्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे केंद्र पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, घटनाक्रम तोच ठेवला आहे. मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांच्या वडिलांनी खिळे जुळवून छपाई सुरू केली, काकांनी 1990 च्या दशकात डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं लावणं, आणलं आणि आता संगणकाची सगळी बाजू सूनबाई सांभाळतात. कामं नेहमीचीच: लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि वर्षातून एकदा दिवाळी अंक. नोटीस आली तेव्हा वकिलांच्या बरोबरीने संगणकाची बाजू पाहायला मला बोलावलं.

केंद्रात सहा संगणक होते. एक फक्त हिशेबाचा. दोनवर डिझाइनचं एक परदेशी सॉफ्टवेअर 2014 साली डीलरकडून रीतसर विकत घेतलेलं, पेटीतलं, कायमच्या लायसन्सचं. उरलेले तीन संगणक पुढे काम वाढलं तसे घेतले. ते जोडून देणाऱ्याने त्याच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती क्रॅक मारून, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडून, ‘लोड करून’ दिली होती. बिलात त्याचा उल्लेख नव्हता आणि कुणी विचारलंही नाही. तालुक्या-जिल्ह्याच्या गावांत संगणक असाच विकला जातो, त्यामुळे आपण काही चोरलंय असं काकांना कधी वाटलंच नव्हतं.

शिवाय मराठी टायपिंगचं, डोंगलवर (संगणकाला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशा छोट्या खुंटीवर) चालणारं फॉन्टचं सॉफ्टवेअर. ते युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर आणि मोबाइलवर सारख्या चालणाऱ्या अक्षरांच्या, आधीच्या पद्धतीचं. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडल्यावर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. वीस वर्षांचे दिवाळी अंक आणि अहवाल याच फॉन्टमध्ये पडून होते.

अडचण

ऑगस्ट 2024 मध्ये, दिवाळी अंकाचे लेख यायला लागले तेव्हा, केंद्राच्या ईमेलवर इंग्रजीत एक पत्र आलं. पाठवणारे डिझाइन सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या वतीने ‘लायसन्स कम्प्लायन्स’, म्हणजे लायसन्सचे नियम पाळले जातात का, ते पाहणारे लोक. सोबत तक्ता: संगणकाचं नाव, मॅक क्रमांक (यंत्राच्या नेटवर्क कार्डाची ओळख), आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा पत्ता), विंडोजमधल्या वापरकर्त्याचं नाव, आवृत्ती, पहिला आणि शेवटचा वापर. ओळी पाच. मागण्या तीन: सर्व संगणकांची माहिती भरून द्या, आम्ही पाठवू तो ऑडिटचा प्रोग्राम प्रत्येक यंत्रावर चालवा आणि पाच जणांची लायसन्सं मागच्या वर्षांच्या फरकासह घ्या. एकूण आकडा साडेसात लाखांच्या आसपास होता.

हे कळलं कसं, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. उत्तर सरळ आहे. आजच्या बऱ्याच महागड्या सॉफ्टवेअरमध्येच खबर देणारा एक भाग असतो. आपल्यात फेरफार झालाय असं दिसलं की तो इंटरनेटवरून कंपनीला यंत्राची ओळख कळवतो. क्रॅक करणारे बहुधा सक्रियतेचा (लायसन्स तपासून सॉफ्टवेअर चालू करून देणारा) पत्ता अडवतात, पण खबरीचा पत्ता उघडाच राहतो. इथे तेच झालं होतं.

तक्त्याच्या चौथ्या ओळीत एका ऑपरेटर ताईंचा खासगी ईमेल होता, कारण त्या संगणकावर विंडोज त्यांच्याच खात्याने सुरू केलं होतं. “माझं नाव त्यांच्याकडे गेलंच कसं? मी तर इथं पगारावर आहे,” असं म्हणून त्या रडवेल्या झाल्या. पगारी माणसाचा खासगी पत्ता त्याला न विचारता, न कळवता गोळा होतो आणि मालकाला धाडलेल्या मागणीपत्रात छापला जातो, हे मला आजही पटत नाही.

मेलनंतर फोन सुरू झाले. फोनवरची भाषा मेलपेक्षा कडक होती. “या महिन्यात मिटवलंत तर सवलत, नाहीतर पोलीस केस.” नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक येणार हे दिसत होतं, म्हणजे छपाईवाल्याचं वर्षभराचं पीक त्याच दिवसांत. अशा वेळी पोलिसांनी संगणक उचलून नेले तर काय, या विचाराने काकांची झोप उडाली.

पहिला निर्णय: फॉरमॅट की फाइल

त्याच संध्याकाळी मुख्य ऑपरेटर म्हणाला, “काका, आजच सगळे पीसी फॉरमॅट मारून टाकू का?” काका हो म्हणणार होते, सूनबाईंनी थांबवलं.

सगळ्या प्रकरणात कलाटणी देणारा निर्णय माझ्या मते हाच. फॉरमॅट मारल्याने कंपनीकडची नोंद पुसली जात नाही, ती त्यांच्या सर्व्हरवर आहे. पुसला जातो तो आपल्याच बाजूचा पुरावा: कुठल्या यंत्रावर काय होतं, कधीपासून होतं, विकत घेतलेलं कुठलं. शिवाय नोटीस हाती आल्यावर पुरावा नष्ट केला असं दिसलं तर कोर्टात आपली बाजू आधीच काळवंडते.

म्हणून असं ठरलं. काहीही पुसायचं नाही. क्रॅक असलेल्या यंत्रांवर ते सॉफ्टवेअर आजपासून उघडायचं नाही. फोन घ्यायचा नाही, जे असेल ते वकिलांमार्फत लेखी. पहिल्या पत्रात कबुली नाही, नकारही नाही. एवढंच विचारायचं की तुम्ही कंपनीच्या वतीने बोलता याचं अधिकारपत्र दाखवा. हा वेळकाढूपणा नव्हता. अशाच मजकुराच्या खोट्या मेल पाठवून पैसे उकळण्याचे प्रकार होतात, त्यामुळे वकिलांनी कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून वेगळी विचारणाही केली. अधिकारपत्र आलं. नोटीस खरी होती.

कायदा काय म्हणतो

कॉपीराइट कायदा 1957 चा आहे आणि त्यात संगणकाचा प्रोग्राम ‘साहित्यकृती’ धरला जातो. कलम 63ब नुसार, बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरणाऱ्याला किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, पण इथे वापर धंद्यासाठीच होता. कलम 64 खाली उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय बेकायदा प्रती जप्त करू शकतो. कॉपीराइट भंगाचा कलम 63 खालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं आहे. तेव्हा फोनवरची धमकी अगदीच पोकळ नव्हती.

दुसऱ्या बाजूला कलम 60 आहे. निराधार धमक्या देणाऱ्याविरुद्ध त्याखाली दिवाणी दावा करता येतो. काकांना हे कलम फार आवडलं. वकिलांनी मात्र स्पष्ट सांगितलं की तीन यंत्रांच्या बाबतीत धमकी निराधार नाही, तेव्हा हे कलम बाजूला ठेवा.

आणि खासगीपणा? सर्वोच्च न्यायालयाच्या 24 ऑगस्ट 2017 च्या निकालाने तो मूलभूत हक्क ठरला. व्यक्तिगत डिजिटल विदा (डेटा) संरक्षण कायदा 2023 मध्ये संमत झाला, पण आमच्या प्रकरणाच्या वेळी त्याचे नियम आलेले नव्हते. ते नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर टप्प्याने लागू व्हायच्या आहेत. पण तो पूर्ण लागू असता तरी फार आशा नव्हती. त्याच्या कलम 17 मध्ये कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठी लागणाऱ्या माहितीला बऱ्याच बंधनांतून सूट आहे, आणि कंपनी नेमकं तेच म्हणणार. ताईंचा ईमेल तक्त्यात आला याची दाद मागायची वाट मला तरी सापडली नाही. आम्ही लेखी हरकत नोंदवली. पुढच्या पत्रव्यवहारात ती ओळ झाकलेली आली, इतकंच.

पर्याय

दुर्लक्ष करावं, असं गावातल्या दोन प्रेसवाल्यांचं मत होतं. “आम्हालाही आल्यात अशा मेल.” दुर्लक्ष करून कुणाचं निभावतंही, पण विषय त्यांच्या मर्जीवर लोंबकळत राहतो.

मागितले तेवढे देऊन मोकळं व्हावं, असं काकांच्या मुलाला वाटत होतं. तो पुण्यात नोकरीला आहे. पण साडेसात लाख या केंद्राला झेपणारे नव्हतेच, आणि पाचही ओळी खऱ्या आहेत की नाही हे कुणी तपासलं नव्हतं.

सगळं मुक्त, म्हणजे लायसन्सचे पैसे न लागणाऱ्या, सॉफ्टवेअरवर न्यावं, ही सूनबाईंची इच्छा. त्याने पुढचा प्रश्न सुटतो, मागचा वापर माफ होत नाही.

आम्ही निवडलं ते असं: आपली मोजणी आपणच करायची, जितकं देणं खरोखर निघतं तितकं मान्य करायचं आणि ऑडिटचा प्रोग्राम मात्र यंत्रावर चालू द्यायचा नाही. कुणाचं किती देणं लागतो हा एक प्रश्न आहे आणि आपल्या यंत्रात कुणी डोकवायचं हा दुसरा. नोटीस या दोन्हींची मोट बांधते आणि घाबरलेला माणूस दोन्हींना एकदमच हो म्हणतो.

मोजणीत काय निघालं

पाच ओळी आम्ही एकेक करून यंत्रांशी जुळवल्या. तीन ओळी सरळ होत्या: जोडून घेतलेले तीन संगणक, क्रॅक आवृत्ती. त्यावर वाद नव्हता.

पाचवी ओळ जुळेना. त्या मॅक क्रमांकाचं यंत्र केंद्रात नव्हतं. तारखा पाहिल्या तर मागच्या एका वर्षीच्या गणपतीच्या आधीचे आठ-दहा दिवस. तेव्हा पावतीपुस्तकांची घाई असल्याने बाहेरचा एक डिझायनर स्वतःचा लॅपटॉप घेऊन बसायचा आणि केंद्राचं वायफाय वापरायचा. आयपी पत्ता केंद्राचा म्हणून दावा केंद्रावर. नेटचं कनेक्शन कुणाच्या नावाचं यावरून कॉपी कुणाची हे ठरत नाही, हे आम्ही हजेरीच्या वहीसह कळवलं.

दुसरी ओळ सगळ्यात चीड आणणारी. ते यंत्र 2014 ला रीतसर घेतलेल्या दोन प्रतींपैकी एकाचं. 2021 मध्ये त्याचा मदरबोर्ड जळाला. नवा बसवून मूळ सीडीवरून सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, तर या आवृत्तीची सक्रियता आता बंद आहे, नवी आवृत्ती घ्या असा संदेश आला. कायमचं म्हणून विकलेलं लायसन्स, पैसे भरलेले, आणि ते चालू करायचं कुलूप कंपनीनेच बंद केलेलं. ऑपरेटरने मग क्रॅक मारून तीच आवृत्ती चालू केली. सात वर्षं वापरलेली, पैसे मोजून घेतलेली वस्तू सुरू ठेवली म्हणून त्याचं नाव चोरांच्या यादीत गेलं. मला हे उघड अन्यायाचं वाटतं.

कायद्याच्या दृष्टीने इथे बोलायला जागा होती. 2012 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 65अ तांत्रिक कुलूप तोडणं गुन्हा ठरवतं, पण हक्कभंगाच्या हेतूने तोडलं असेल तरच. ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याचा हेतू तो कसा? शिवाय कलम 52 कायदेशीर धारकाला संरक्षणासाठी प्रत ठेवायची मुभा देतंच.

पण त्यासाठी बिल हवं होतं. दुकानात ते सापडेना. पेटी होती, त्यावरचा किल्लीचा (सॉफ्टवेअर चालू करायच्या क्रमांकाचा) स्टिकर पुसट झालेला. शेवटी सीएंच्या कार्यालयात, घसारा दाखवण्यासाठी दिलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात डीलरचं व्हॅटचं बिल मिळालं, दोन्ही प्रतींच्या अनुक्रमांकांसह. त्या एका कागदाने दुसरी ओळ यादीतून गेली.

ऑडिटच्या प्रोग्रामला नकार

यावर त्यांचा जोर सर्वात जास्त होता. प्रोग्रामसोबत आलेल्या माहितीपत्रात लिहिलं होतं की तो स्थापित प्रोग्रामची यादी, फाइलींची नावं आणि त्यांचे मार्ग, वापरकर्त्यांची खाती गोळा करून पाठवतो.

आता या यंत्रांवर काय होतं ते पाहा. चार शाळांच्या प्रश्नपत्रिका. पतसंस्थांच्या सभासदांच्या याद्या, थकबाकीसकट. लग्नपत्रिकांचे शेकडो पत्ते आणि फोन. उमेदवारांची प्रचारपत्रकं, जी अजून त्यांच्या विरोधकांनीही पाहिलेली नव्हती. डीटीपीवाला दुसऱ्याचं गुपित सांभाळतो म्हणूनच त्याच्याकडे काम येतं. फाइलींची नुसती नावं बाहेर गेली तरी कोण कुणाकडून काय छापून घेतंय ते कळतं.

आम्ही लिहिलं: ग्राहकांची गोपनीय माहिती असल्याने बाहेरचा प्रोग्राम चालवणार नाही, त्याऐवजी मालकाच्या सहीचं प्रतिज्ञापत्र, यंत्रांची यादी आणि स्क्रीनचे फोटो देतो. कोर्टाचा आदेश असेल तर कोर्टाने नेमलेल्या माणसासमोर यंत्रं दाखवू. दोन पत्रं त्यांनी ताणून धरलं, तिसऱ्यात सोडून दिलं.

मधेच डोंगल

ऑक्टोबरात, दिवाळी अंकाची निम्मी पानं लागलेली असताना, फॉन्टचा डोंगल बंद पडला. डोंगल नसेल तर या सॉफ्टवेअरचा कळफलकही चालत नाही आणि फॉन्टही लोड होत नाही. फॉन्टच्या कंपनीचं म्हणणं, ती आवृत्ती आता विकत नाही, तिचा डोंगलही मिळणार नाही, नवी घ्या. नोटिशीशी याचा काही संबंध नव्हता, पण आजार तोच.

इथे सूनबाईंनी धीटपणा दाखवला. लेखक बरेचसे लेख आधीच युनिकोडमध्ये, मोबाइलवर टाइप करून पाठवत होते. ऑपरेटर ते जुन्या फॉन्टमध्ये उलटे फिरवायचा आणि अंकाची निवड नेटवर टाकायची झाली की पुन्हा युनिकोड करायचा. त्यांनी हा फेरा तोडला. आतली एकरंगी पानं स्क्रायबस या पानं लावायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये लावली. त्याच्या 2024 च्या 1.6 आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं नीट बसतात. फॉन्ट ‘मुक्त’ नावाचा घेतला, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा, खुल्या परवान्यावरचा. तो कितीही यंत्रांवर टाका, छापा, कुणाला उत्तर द्यावं लागत नाही.

आधी लागलेली पानं कन्व्हर्टरमधून (जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या प्रोग्राममधून) काढली, आणि तिथे मुद्रितशोधकाचा घाम निघाला. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. एखादी जागा चुकली की ‘स्थिती’ची वेलांटी भलत्याच अक्षरावर. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ मधला ऱ्य तर पानोपानी फुटलेला. एक ज्येष्ठ मुद्रितशोधक पट्टी घेऊन ओळ न ओळ तपासत बसले. अंक वसुबारसेला निघाला, दरवर्षीपेक्षा थोडा उशिरा.

शेवट काय झाला

जानेवारी 2025 मध्ये तडजोड झाली. तीन यंत्रांचा वापर मान्य, पण तीन नवी लायसन्सं न घेता दोन जागांचं वर्षभराचं वर्गणी लायसन्स आणि मागच्या वापरापोटी एकरकमी रक्कम. सगळं मिळून, जीएसटीसकट, सव्वादोन लाखांच्या आसपास. बदल्यात मागच्या वापराबद्दल कोणताही दावा उरला नाही असं लेखी पत्र.

तिसऱ्या यंत्रावर इंकस्केप (चित्रं-डिझाइनचं मुक्त सॉफ्टवेअर) आणि स्क्रायबस आलं. रंगीत कामात त्रास आहे. इंकस्केप आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) काम करतं, ऑफसेटच्या प्लेटसाठी सीएमवायके (छपाईच्या चार शाया) लागतं, म्हणून फाइल स्क्रायबसमधून फिरवावी लागते. मुख्य ऑपरेटरच्या हाताला जुने शॉर्टकट बसलेत, तो अजून कुरकुरतो. दुसऱ्या प्रेसमधून येणाऱ्या फाइली त्याच महागड्या सॉफ्टवेअरच्या असतात, म्हणून त्या दोन जागा सोडता येत नाहीत. 2014 ची बंद पडलेली प्रत चालू करून देण्याची मागणी कंपनीने शेवटपर्यंत मान्य केली नाही. फक्त तिच्यावरचा दावा सोडला.

काय वेगळं करता आलं असतं

बिलं आणि किल्ल्या एका फाइलीत असत्या तर महिनाभर वाचला असता. बाहेरचा लॅपटॉप केंद्राच्या वायफायवर घ्यायचाच नव्हता. आता पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क आहे. ऑपरेटरांची खासगी खाती कामाच्या यंत्रांवरून काढली, प्रत्येक यंत्राला ‘टेबल 1’, ‘टेबल 2’ अशी स्थानिक खाती दिली. मालकाने हे आधी केलं असतं तर ताईंचा ईमेल कुठेच गेला नसता.

दावामुक्तीचं पत्र केंद्राच्या नावाने घेतलं. पण केंद्र एकट्या काकांच्या मालकीचं, म्हणजे कायद्याने जबाबदार काका स्वतः. पत्रात त्यांचंही नाव हवं होतं. ते नंतर दुरुस्त करून घेताना तीन आठवडे गेले.

आणि एक मुद्दा निसटलाच. नवी वर्गणी सुरू करताना पडद्यावर जो करार ‘मान्य’ करावा लागतो, त्यात कंपनीला सूचना देऊन तपासणी करण्याचा हक्क आहे. पत्रव्यवहारात जो प्रोग्राम आम्ही नाकारला, त्याची वाट त्या करारात उघडी राहिली. तडजोडीच्या पत्रातच ‘तपासणी फक्त प्रतिज्ञापत्राने’ असं एक वाक्य मागायला हवं होतं. तेव्हा आमचा हात वर होता, सही झाल्यावर राहिला नाही. वकिलांनी वितरकाकडे तसं लेखी मागितलं, उत्तर आलं नाही. मग सूनबाईंनी ती दोन यंत्रं ग्राहकांच्या फाइलींपासून तोडली. प्रश्नपत्रिका आणि सभासदांच्या याद्या आता तिसऱ्या यंत्रावरच बनतात, आणि त्या यंत्राला नेटची तार जोडलेली नाही.